रानात जायची तयारी

शनिवार, ७ सप्टेंबर

खसखस! चौथं जॅकेट. हेही खसखसतं!

दुकानात हात वर-खाली करून, बाही कानाशी घासून बघत होते. तिथली मुलगी आधी लांबून बघत होती, मग जवळ येऊन विचारलं, बरं वाटतंय ना तुम्हाला? म्हटलं, आवाज ऐकतेय. तिने निमूटपणे पाचवं काढून दिलं. गुणी पोरगी.

पुरुषांचं स्मॉल घेतलं तर बाह्या बोटांच्या पुढे लोंबतात. बायकांचं घ्यावं तर त्याला जांभळी झिप! हरणाला जांभळं कळत नसेल, मला कळतं ना. शेवटी एक लोकरीचं मिळालं. जाड, शेवाळी रंगाचं, घोंगडीसारखं. वॉटरप्रूफ नाही, पण मुकं आहे. घोंगडीला कुठे असतो आवाज!

सुहास म्हणाला, "पावसात भिजशील." नवऱ्याचं एक तरी मत पडायलाच हवं. भिजले तर घरी येऊन अंग पुसेन. हरणाला ऐकू गेलं तर मात्र सगळंच मुसळ केरात.


मंगळवार, १० सप्टेंबर

बूट घालून बाथटबमध्ये उभी राहिले. पाणी घोट्याच्या वर चार बोटं. वीस मिनिटं. सुहास दात घासायला आला, बघितलं, ब्रश घेऊन खाली किचनमध्ये गेला. एक शब्द नाही! पंचवीस वर्षांच्या संसाराची कमाई.

उजवा कोरडा. डावा अंगठ्यापाशी ओलसर. परत करणार.


रविवार, १५ सप्टेंबर

पहाटे साडेपाचला हॅडल वुडच्या रानाच्या फाटकापाशी. मला शिकवायला सियोनकाका आधीच येऊन उभे. हॅरोहून एवढ्या लांब गाडी चालवत येतात, तरी माझ्याआधी!

मी गाडीतून उतरले तसा त्यांनी वास घेतला. "खोबरेल तेल लावलंयस?"

"थोडंसं."

"पोरी, हरणांना आज सुट्टी. नारळाचं झाड चालत आलंय असं वाटेल त्यांना."

हसू दाबत दोन तास हिंडलो. माझ्याकडे रायफल नाही. लायसन्सचा अर्ज आत्ता कुठे पाठवलाय. नुसतं बघायचं, चालायला शिकायचं. टाच आधी नाही टेकायची, बाहेरची कड आधी. काडी लागली तर पाय उचलायचा. दर दहा पावलांना थांबायचं आणि थांबणं चालण्यापेक्षा लांबवायचं. मी तीनदा काडी मोडली. तिन्ही वेळा काकांनी आकाशाकडे बघितलं.

हे सगळं कशासाठी, ते एकदा इथे लिहून ठेवते. चौदा वर्षं मी या रानात रोपं मोजते. तीच माझी नोकरी. केंब्रिजला बसून तक्ते भरायचे, एप्रिल-मेमध्ये गुडघ्यांवर बसून मोजायचं. ओकची रोपं, हेझलच्या झुडपांचे कोंब, फिकट पिवळी ऑक्सलिपची फुलं. पहिल्या वर्षी मोजणीच्या एका चौकोनात एकशे दहा फुलं होती. यंदा नऊ. बाकी सगळी खाल्ली हरणांनी. दोन जाती आहेत: ठिपक्यांची मोठी फॅलो, आणि मंटजॅक, म्हणजे आपल्या भेकराचा चिनी चुलत भाऊ. दोन्ही कोणीतरी बाहेरून आणून सोडलेली. लांडगा नाही, वाघ नाही, कोण खाणार त्यांना? दर वर्षी माझ्या रिपोर्टात एक वाक्य असतं, "हरणांची संख्या कमी करणं आवश्यक." चौदा वेळा लिहिलंय. मी लिहायचं आणि काकांनी मारायचं. अठरा वर्षं ते फुकट हे काम करतात. आता बहात्तर वर्षांचे झाले, गुडघा बदललाय. गेल्या वसंतात म्हणाले, "तुझं वाक्य छान असतं. आता जरा तूच वाच ते मोठ्यानं."

तेव्हापासून डोक्यात आहे. आईला सांगितलेलं नाही.


सोमवार, १६ सप्टेंबर

मांड्या! देवा, कोणी सांगितलं होतं हळू चालायला इतकी ताकद लागते!


रविवार, २९ सप्टेंबर

हॅरोला काकांकडे. दुर्बिणीसाठी.

काका चाळीस वर्षं चष्म्याच्या धंद्यात होते, त्यामुळे दुर्बीण हा त्यांचा प्रांत. डायनिंग टेबलावर पाच मांडून ठेवल्या होत्या. त्यांच्या, मित्रांच्या, एक उसनी. मला खुर्चीत बसवून माझ्या दोन बुबुळांमधलं अंतर मोजलं. "डोळे जवळजवळ आहेत तुझे. चिमणीसारखे." म्हणजे मोठ्या दुर्बिणी बाद. मला त्यातून दोन वर्तुळं दिसतात, एक नाही.

मला दहापट मोठं दाखवणारी हवी होती. त्यांनी ती हातात दिली आणि म्हणाले, समोरच्या घराच्या दारावरचा नंबर वाच. वाचला. मग म्हणाले, आता जिना चढून ये आणि परत वाच. धाप लागलेली, नंबर नाचतोय! आठपट मोठं दाखवणारी घेतली, नंबर जागेवर. "मोठं दिसण्यापेक्षा स्थिर दिसलेलं बरं," म्हणाले. खरी परीक्षा दिवेलागणीला घेतली. बागेच्या टोकाला त्यांनी वर्तमानपत्र टांगलं आणि कोणत्या दुर्बिणीतून मथळा शेवटपर्यंत वाचता येतो ते बघत बसलो. उसनीच जिंकली. आता तशीच शोधायची.

मिल्काकाकूंनी मटण केलं होतं, नारळाच्या दुधातलं. मी सहज विचारलं, हे हरणाचं का? दोघंही हसले. काका म्हणाले, "आम्हा ज्यूंना गोळीनं मारलेलं चालत नाही. सुरीनं, आमच्या रीतीनं कापलेलंच लागतं. अठरा वर्षांत मी एक घास खाल्लेला नाही. शेजारच्या कुशला देतो, त्याच्या चर्चवाल्या सासूबाईंना देतो, सगळ्या गल्लीला देतो."

काका मारतात पण खात नाहीत. आणि मी? मला खायला चालतं, मारायला नाही. छान जोडी जमलीये!


गुरुवार, १० ऑक्टोबर

पोलिसांकडून लायसन्सच्या बाई आल्या होत्या. तास-सव्वा तास. शूज बाहेर काढले, चहा घेतला. जिन्याखालच्या कपाटात पोलादी पेटी बसवलीय ती हलवून हलवून बघितली. मग प्रश्न. झोप येते का? दारू किती? कोणावर राग आहे का? मी म्हटलं, कौन्सिलच्या पार्किंग विभागावर. त्या हसल्या, पण लिहून घेतलं!

सुहासला वेगळ्या खोलीत विचारलं. आणि पेटीची किल्ली कुठे असते ते नवऱ्यालासुद्धा माहीत असता कामा नये, असं बजावलं. रात्री जेवताना सुहास म्हणाला, "पंचवीस वर्षांत तुझं पहिलं गुपित. मजा येतेय."

दुसरं आहे. आईला सांगितलेलं नाही, हे.


रविवार, १३ ऑक्टोबर

धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम. दरवर्षीप्रमाणे भाड्याचा हॉल, पांढरे कपडे, पुरणपोळीवरून वाद. त्रिशरण झालं, पंचशील सुरू झालं. पाणातिपाता वेरमणी… प्राण्याची हिंसा करण्यापासून मी अलिप्त राहीन. लहानपणापासून म्हणतेय, कधी जीभ अडखळली नाही. आज अडखळली. पहिलंच शील! शेजारी अनुया उभी होती, माझ्याच वयाची, हॉस्पिटलात डॉक्टर आहे. तिने वळून बघितलं.

गाडीत सुहासला म्हटलं, मी खोटं बोलले का आज? त्याने सिग्नल दिला, लेन बदलली. मग म्हणाला, "तू चौदा वर्षं दुसऱ्याकडून करून घेतेयस. तेव्हा खोटं नव्हतं वाटत?"

बरोबर बोलला तो. असं बोलायची सवय नाही त्याची, म्हणून जास्त लागलं. पण मोकळंही वाटलं. आता निदान माझं पाप माझ्या नावावर.


रविवार, १७ नोव्हेंबर

काठ्या! रायफल टेकवायच्या काठ्या. बाजारात कार्बनच्या मिळतात, हलक्या, देखण्या. दुकानात उघडून बघितल्या. टक्क! टक्क! प्रत्येक सांध्याला एक टक्क. काका म्हणाले, "हेझलच्या कर."

मग माझ्याच रानातल्या हेझलच्या केल्या. दोन उंच, दोन आखूड, वरती जुन्या सायकल ट्यूबचा पट्टा. खाली रबरी बुचं लावली. घरी झाडूचा दांडा ठेवून सराव. उभं राहायचं, श्वास सोडायचा, दांडा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. आज पंधरा तारखेच्या चौकोनावर सलग तीस सेकंद स्थिर! सुहासला दाखवलं. त्याने टाळ्या वाजवल्या. समोरच्या घरातल्या आजी खिडकीतून बघत होत्या — त्यांना हात केला.


बुधवार, १८ डिसेंबर

पोलिसांचं अजून काही नाही. मोजे मात्र ठरले. पातळ आत, लोकरी वर.


शुक्रवार, १७ जानेवारी

आलं! लायसन्स आलं! पोस्टमनने सही मागितली आणि मी दोनदा केली.


शनिवार, १ फेब्रुवारी

रायफल घरी आणली. जुनी, कोणाच्या तरी आजोबांची, पण नळी उत्तम आहे असं बंदूकवाला म्हणाला. दस्ता लांब. गालाला लावली की नाक नळीवरच्या दुर्बिणीच्या मागे हातभर! त्याने मला उभं करून कोपराच्या आतून बोटापर्यंत मोजलं, शिंप्यासारखं. दीड इंच कापला. कापलेला अक्रोडाच्या लाकडाचा तुकडा मला दिला, ठेवा म्हणे आठवण. आता बरोबर गालाला बसते. पहिल्यांदा एखादी वस्तू माझ्या मापाची झाली. पुरुषांच्या जगातलं एक इंच नाही, दीड इंच कमी केलं!


रविवार, ९ फेब्रुवारी

चाचणी. शंभर मीटरवर पांढरा कागद, मागे मातीचा बांध.

पहिल्या गोळीला डोळे मिटले. दुसऱ्यालाही. गोळी कुठे गेली देव जाणे. म्हणजे मातीत गेली, पण कागदाला खबर नाही. काका रागावले नाहीत. तिसऱ्या वेळी त्यांनी गुपचूप रिकामी रायफल हातात दिली. मी चाप दाबला, आतून नुसतं टिक झालं आणि नळी केवढी दचकली! आवाज नाही, धक्का नाही, तरी मी दचकले. "बघ," म्हणाले, "रायफल नाही हलत. तू हलतेस."

मग म्हणाले, "कणीक मळून झाली का ते बोटानं दाबून बघतेस ना? तितकंच. दाबायचं आणि वाट बघायची."

हे मला कळलं! इतके महिने व्हिडिओ बघितले, पुस्तक वाचलं, पण कणकेवर कळलं. जेवायच्या वेळेपर्यंत तीन गोळ्या अशा बसल्या की चहाची बशी तिघींवर झाकली जाईल. काकांनी खरोखरच बशी आणली होती. ठेवून बघितली. झाकल्या गेल्या.

शिशाच्या गोळ्या नकोत म्हटलं होतं मी, मेलेल्या हरणाचं उरलंसुरलं घारी खातात, त्यांच्या पोटात शिसं जातं. तांब्याच्या घेतल्या. काका आधी कुरकुरले, आज म्हणाले, "तांबं बरं आहे."

खांदा काळानिळा. खूश आहे!


रविवार, २३ फेब्रुवारी

दोन रविवार झाले. हरीण एकही नाही, पण यादी केली काय काय आवाज करतं त्याची: हातमोज्यांचा वेल्क्रो, थर्मासचं झाकण, खिशातल्या किल्ल्या, माझं पोट.

वेल्क्रो कापून बटणं लावली. पोटाला केळं.


रविवार, ९ मार्च

आज दिसली. फॅलो मादी, सत्तर मीटर, आडवी, मान खाली. काठ्या उघडल्या, मुक्या! रायफल ठेवली. तिचे कान मागे-पुढे होत होते. सगळं जमून आलं होतं. बोट चापापाशी नेलं, आणि मग तिच्या मागे बघितलं. मागे आभाळ. ती चढाच्या टोकावर उभी होती, गोळी आरपार गेली तर पलीकडे कुठेही जाईल. पलीकडे पायवाट आहे.

रायफल खाली घेतली. ती आणखी दहा मिनिटं चरत होती, मग निघून गेली. मला वाटलं, काका म्हणतील संधी घालवलीस. ते काठ्या मिटत म्हणाले, "आजचं हे सगळ्यात चांगलं काम."

घरी येईपर्यंत मी गुणगुणत होते. न मारता इतकं बरं वाटतं तर मारल्यावर काय वाटेल? माहीत नाही.


रविवार, २३ मार्च

मारलं.

सहा वाजून दहा मिनिटं. पुरता उजेड झालेला. तरणा नर, शिंगं म्हणजे दोन साध्या काड्या. ओढ्याच्या पलीकडच्या उतारावर, मागे माती. काका माझ्या मागे, त्यांचा श्वास ऐकू येत होता. त्यांनी फक्त म्हटलं, "तुझ्या वेळेनं." दाबलं. वाट बघितली. गोळी सुटली ती मला जवळजवळ ऐकूच आली नाही. तो एकदा उडाला, बारा-पंधरा पावलं धावला आणि पडला.

आम्ही दहा मिनिटं जागेवर थांबलो. काका घड्याळ बघत होते. मला पाण्याची बाटली उघडता येईना.

जवळ गेले. डोळ्याला काडी लावून बघायची असते, लावली. काही नाही. मानेवर हात ठेवला. गरम. केस वाटले होते त्यापेक्षा राठ. काकांनी टोपी काढली. मला माफ कर म्हणावंसं वाटलं. म्हटलं नाही. माफीच मागायची तर मारायचं कशाला? त्याच्या तोंडात अजून पाला होता. हेझलचा कोवळा कोंब. माझ्या तक्त्यातला एक.

पोट साफ करायचं काम मीच केलं, काका सांगत होते. सुरी नारिंगी मुठीची घेतली होती, पाचोळ्यात हरवू नये म्हणून. तीनदा खाली ठेवली, तीनदा लगेच सापडली! यकृत बघितलं, गाठी बघितल्या. निरोगी. हात थरथरत नव्हते. याचंच आश्चर्य वाटलं.

मग ओढणं. गाडीपर्यंत सहाशे मीटर, चिखल, आणि काकांचा गुडघा. त्यांनी आपला जुना दोर दिला, मागे सामानाची पिशवी आणि काठ्या घेऊन चालत राहिले. मी दोर खांद्यावरून घेतला आणि ओढत निघाले. चाळीस किलो. दर पन्नास पावलांना थांबत होते. घोंगडीचं जॅकेट घामाने भिजलं, बुटात पाणी नाही, हे लिहून ठेवायला हवं, बूट पास! सूर्य झाडांमधून वर आला. अंग असं दमलं होतं जसं बाळंतपणानंतरही नव्हतं दमलं. आणि मन शांत. अगदी शांत. खोटं का लिहू?

धड रानातल्या थंड खोलीत टांगलं. कलेजी घरी आणली. काकांनी जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आता तुझं रान." बस्स, एवढंच.


सोमवार, २४ मार्च

काल सगळं लिहिलं नाही. लिहायचं नव्हतं.

काल दुपारी एकला आईचा व्हिडिओ कॉल, दर रविवारचा. मी भिंतीला टेकून बसले होते. सुहास गॅसपाशी, कलेजीला काळा मसाला घालत. आईने विचारलं, काय चाललंय? आणि सुहास तिकडून ओरडला, "आई, आज हरणाची कलेजी! कल्याणीने मारलं!"

त्याला वाटलं होतं मी सांगितलंय! मी डोळे मोठे केले, पण उपयोग काय?

आई शहात्तरची. औरंगाबादला एकटी राहते, पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं, अजून रोज सकाळी वंदना घेते. मी घाईघाईने सगळं सांगायला लागले: रोपं, ऑक्सलिप, लांडगे नाहीत, पहिलं शील मला माहीत आहे, मी विचार केलाय, आई, मी सहा महिने विचार केलाय. तिने मध्ये तोडलं नाही. सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं ते मारण्याबद्दल नव्हतंच.

"गाडीपर्यंत आणलं कसं?"

"ओढत."

"कशानं?"

"दोराने. खांद्यावर घेऊन."

तिने चष्मा काढला, पदराने पुसला. मग म्हणाली, "ओढायचं सोडलं होतं आपण." आणि फोन ठेवला.

मला हे सुचलंच नव्हतं! सहा महिने शिलाचा विचार केला आणि हे एकदाही डोक्यात आलं नाही.

गावात मेलेलं ढोर ओढून नेणं, हे आमच्या घराण्यावर पिढ्यान्‌पिढ्या लादलेलं काम. बाबासाहेबांनी सांगितलं, सोडा. आईचे वडील, कडूबा आजोबा, यांनी गावात सगळ्यांच्या आधी सोडलं. पाटलाचा बैल तीन दिवस गोठ्याबाहेर पडून होता. वासाने गाव हैराण, तरी आजोबा हलले नाहीत. गावाने मजुरी बंद केली, किराणा बंद केला. आजोबा तरीही नाही. दर चौदा एप्रिलला नंदूमामा हे सांगतो, आणि दरवर्षी त्याचा आवाज त्याच जागी भरून येतो. मी केंब्रिजला बसून तक्ते भरते ती त्या 'नाही'मुळे. आणि त्यांची नात, चांगली पीएचडी झालेली, स्वतःच्या हौसेने, खांद्यावर दोर घेऊन…

कलेजी सुहासने एकट्याने खाल्ली. चांगली झाली होती म्हणाला. मग सॉरी म्हणाला. त्याचा काय दोष?


मंगळवार, २५ मार्च

दोनदा फोन केला. उचलला नाही.


गुरुवार, २७ मार्च

सियोनकाकांना फोन. सगळं सांगितलं. त्यांना ओढण्याचा अर्थ समजावून सांगावा लागेल असं वाटलं होतं, पण ते कोकणातले, त्यांना माहीत होतं. ते म्हणाले, "माझे आजोबा तेली. शनिवारी घाणा बंद, म्हणून शनवार तेली म्हणायचे आम्हाला. बाजारात हाक मारायचे, ए शनवार तेली! माझ्या बापाने मरेपर्यंत घरात घाण्याचं नाव काढू दिलं नाही."

मग म्हणाले, "तुला कुणी हाक मारून बोलावलं होतं का, ये नि ओढ म्हणून?"

"नाही."

"नाही म्हणाली असतीस तर तुझी चूल बंद झाली असती?"

"नाही."

"मग तेच काम नव्हे ते."

पटलं. डोक्याला पटलं. रात्री जेवले नीट.


रविवार, ३० मार्च

घड्याळं एक तास पुढे गेली. रानात गेले नाही. बूट धुतले, आतून कागद भरून ठेवले. रायफल पुसली. दोर काकांना परत द्यायचा राहिलाय, बाल्कनीत वाळत घातलाय. चिखल सुकून झडला.

एक वाजून गेला. आईचा रविवारचा फोन आला नाही. आमचं घड्याळ बदललं हे तिला माहीत नसेल, म्हणून दोन वाजेपर्यंत थांबले. मग तीनपर्यंत.

पुढच्या रविवारी जाणार आहे मी. ठरवलं. आजोबांनी नाही म्हणायचा हक्क मिळवला, त्यातच हो म्हणायचाही आला. आईला तसं पत्र लिहायला घेतलं. दोन ओळी झाल्या. कडूबा आजोबांचा अभिमान वगैरे. फाडलं. भाषणासारखं झालं होतं.


बुधवार, २ एप्रिल

सकाळी बसस्टॉपवर असताना आईचा फोन. व्हिडिओ नाही, नुसता आवाज.

"तुझ्या आजोबांनी सोडलं ते खरं आहे. पण त्या साली घरात दाणा नव्हता. मी अन् माझी माय पहाटेचं जायचो, चार कोसांवर, जिथं आम्हाला कुणी ओळखायचं नाही. ओढून द्यायचं अन् जोंधळे घेऊन यायचे. मी नऊ वर्षांची होते. तुझ्या आजोबांना मरेपर्यंत कळलं नाही. नंदूलाही ठाऊक नाही."

बस आली, दार उघडलं, मी चढले नाही, गेली.

"ऐकतेस ना? दोर खांद्यावर घेऊ नको, बाई. खांदा सुजतो. कमरेला बांध."